वडिलोपार्जित घर वाचवायचंय, पण पैसे कोण देणार? सोलापूरच्या कोटणीसांच्या घरापासून समजून घेऊ

सोलापूरच्या भैय्या चौकात एक जुनं घर आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. जुन्या शहरात अशी घरं आधी बरीच होती. त्यातली काही पडली, काही पाडली गेली, काहींच्या जागी कॉम्प्लेक्स उभं राहिलं. हे मात्र टिकलं. सोलापूर महापालिकेने ते दुरुस्त करून तिथे स्मारक केलं आणि २०१२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

आता दुसरं चित्र बघा. हे तुमच्या घरातलंही असू शकतं.

गावाकडच्या किंवा पेठेतल्या घराची भिंत पावसात खचली. कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. खाली सतरा रडके इमोजी आले. काकांनी लिहिलं, "आजोबांची आठवण आहे, काहीही करून वाचवायचं." पुण्याचा चुलत भाऊ म्हणाला, "सगळ्यांनी मिळून कॉन्ट्रिब्यूशन काढू." आत्याने विचारलं, "घर नक्की कुणाच्या नावावर आहे?" आणि ग्रुप शांत झाला.

आत्याचा हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोटणीसांच्या घरामागे महापालिका उभी राहिली. ज्या घरात कुणी प्रसिद्ध माणूस जन्मलेला नाही, त्याच्या दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? कोणते मार्ग आहेत आणि त्यात अडचण कुठे येते? एकेक बघू.

आधी, कोटणीसांचं घर का वाचलं?

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस तिथेच राहिले. आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते फक्त ३२ वर्षांचे होते. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. चीनमध्ये आजही त्यांना मान आहे. २०१३ मध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग मुंबईत आले, तेव्हा त्यांनी कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेतली होती.

म्हणजे हे घर फक्त कोटणीस कुटुंबाचं उरलं नव्हतं. शहराचा अभिमान आणि दोन देशांचं नातं त्याच्याशी जोडलं गेलं होतं, म्हणून तिथे सार्वजनिक पैसा आला. नियम साधा आहे. सार्वजनिक पैसा सार्वजनिक गोष्टीसाठी मिळतो. तुमच्या आजोबांची आठवण तुमच्यासाठी कितीही मोठी असली, तरी महापालिकेच्या बजेटमध्ये तिच्यासाठी रकाना नसतो.

पूर्वीच्या लोकांना घर परवडायचं, मग आपल्याला का नाही?

कारण घर बांधलं गेलं एका उत्पन्नावर, आणि आपण ते सांभाळतोय दुसऱ्याच उत्पन्नावर.

गावातले मोठे वाडे शेतजमीन, वतन आणि इनामाच्या उत्पन्नावर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. कुलकर्णी वतनं रद्द झाली. १ जानेवारी १९६३ पासून पाटीलकीची वतनंही गेली. १९६१ च्या कायद्याने जमिनीवर कमाल मर्यादा आली. समाजाच्या दृष्टीने हे बदल गरजेचेच होते. ज्यांच्या कष्टावर वाडे उभे राहिले होते, त्यांना त्यामुळे जमिनी मिळाल्या. पण जमिनीचा पैसा थांबला आणि वाडा तेवढाच राहिला.

सोलापूर शहरात आणखी एक गोष्ट घडली. गिरण्या बंद पडत गेल्या. शिकलेली मुलं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली आणि तिथेच राहिली. आज घराचे वारस पुण्यात, हैदराबादेत, काही अमेरिकेत आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या फ्लॅटचा हप्ता आहे. त्यात जुन्या घराचा खर्च बसवायचा कसा?

माळवदाच्या घराला खर्च कशावर होतो?

सोलापूरकडची जुनी घरं म्हणजे माळवदाची घरं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, वर फळ्या किंवा काड्या आणि सगळ्यात वर मातीचा थर. पाणी आत झिरपू नये म्हणून वरून पांढरी माती. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या या पट्ट्यासाठी ही रचना उत्तम आहे. मे महिन्यातही आत गारवा असतो.

पण माळवदाला दरवर्षी हात लावावा लागतो. पावसाळ्याआधी गवत काढायचं, भेगा बुजवायच्या, माती टाकायची, पाणी जायची पन्हाळी मोकळी करायची. घरात माणसं राहत होती तोवर हे काम सहज होऊन जायचं. घराला कुलूप लागलं की एका पावसाळ्यात गळती लागते, दुसऱ्या पावसाळ्यात तुळई कुजते आणि मग भिंत फुगते. काही हजारांत भागलं असतं ते काम काही लाखांवर जातं.

अनेक जण इथे एक चूक करतात. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला "मजबुती"साठी सिमेंटचा गिलावा करतात. जुनी भिंत ओलावा शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तो आतच अडकतो आणि भिंत आतून खराब होत जाते. म्हणजे गोळा केलेल्या पैशातून घराचं नुकसानच होतं. म्हणून पहिला खर्च जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाकडून तपासणी करून घेण्याचा. त्यानंतर छत, मग पाण्याचा निचरा, मग भिंती. रंग, झोपाळा आणि इन्स्टाग्रामसाठी चौक सजवणं सगळ्यात शेवटी.

वर्गणी काढू म्हणतात, पण गाडी अडते कुठे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराला १२ वारस आहेत आणि दुरुस्तीला १८ लाख लागणार आहेत. प्रत्येकी दीड लाख. चौघांनी नाही म्हटलं, तर उरलेल्या आठ जणांवर सव्वादोन लाख येतात. इथून भांडण सुरू होतं. "ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांचाही हिस्सा तेवढाच का?"

कायद्याचं उत्तर असं आहे की फक्त दुरुस्तीला पैसे दिले म्हणून मालकीतला हिस्सा आपोआप वाढत नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी लेखी करार हवा. कुणी किती दिले, पुढे घर विकलं तर ते पैसे आधी परत मिळणार का, घर कोण वापरणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. नात्यात लिहून घेणं कसंतरी वाटतं, मान्य आहे. पण नाती कशाने तुटतात ते बघायचं असेल, तर दिवाणी कोर्टाच्या आवारात एक दिवस थांबून बघा.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. अनेक घरांच्या मिळकत पत्रिकेवर अजूनही आजोबांचं, कधीकधी पणजोबांचं नाव असतं. गावठाणातल्या कित्येक घरांना तर मिळकत पत्रिकाच नव्हती. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असायचा, पण तो कर आकारणीसाठी असतो, तो मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं. तुमच्या गावात मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर कुणाची नावं लागली ते आधी तपासा.

नावं लावताना बहिणींना, आत्यांना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. "घर वाचवायचंय, तेवढी हक्कसोडपत्रावर सही कर" असं बहिणीला सांगितलं जातं, तेव्हा तिच्याकडून किती मोठी वर्गणी मागितली जातेय हे लक्षात घ्यायला हवं. तिने ती खुशीने दिली तर तो तिचा निर्णय. पण ती देणगी आहे, कागदाची औपचारिकता नाही.

बँकेचं कर्ज काढायचं म्हटलं तरी हाच अडथळा येतो. घर तारण ठेवायचं तर मालकी स्वच्छ हवी आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या हव्यात. सह्या मिळाल्या तर कर्ज हा चांगला पर्याय ठरू शकतो. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती कर्जाच्या व्याजावर जुन्या कर प्रणालीत वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावटही मिळते.

आणि एखाद्या वारसाने आपला हिस्सा परस्पर बिल्डरला विकला तर? अशा वेळी १८९३ चा विभाजन कायदा कामाला येतो. राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर कुटुंबातला सहमालक कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत मागू शकतो. तुमच्या प्रकरणात हे कसं लागू होईल ते वकिलाला विचारा. पण असा हक्क असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं.

ऑनलाइन निधी उभारला तर?

केटो, मिलाप अशा प्लॅटफॉर्मवर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पैसे दिले आहेत. ते बहुतेक वेळा उपचारांसाठी असतात, कारण अनोळखी माणूस जीव वाचवायला पैसे देतो. तुमचं घर वाचवायला तो का देईल, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. घर दुरुस्त झाल्यावर देणाऱ्याला ते बघता येणार आहे का? तिथे वाचनालय, अभ्यासिका, संग्रह असं काही असणार आहे का?

करांची बाजूही समजून घ्या. नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या पैशांची बेरीज आर्थिक वर्षात ५० हजारांच्या वर गेली, की ती सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. फक्त ५० हजारांच्या वरची नाही, पूर्ण रक्कम. आणि देणाऱ्याला ८०जी ची सवलतही मिळत नाही, कारण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, खासगी घराला दिलेल्या पैशावर नाही.

"नातेवाईक" या शब्दातही गंमत आहे. आयकर कायद्याच्या यादीत आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं, काका, मामा, आत्या, मावशी आहेत. चुलत, आते, मामे भावंडं नाहीत. काकाने पुतण्याला पैसे भेट दिले तर कर नाही, पण पुतण्याने काकाला दिले तर सूट मिळत नाही. म्हणून सगळ्यांचे पैसे एकाच काकांच्या सेव्हिंग खात्यात गोळा करू नका. चुलत भाऊ स्वतःही मालक असेल आणि आपल्या हिश्श्याच्या दुरुस्तीचा खर्च करत असेल, तर ती भेट ठरत नाही. पण तसा हिशेब आणि कागद हवा. आधी सीएला विचारा.

परदेशातल्या भावंडांचा प्रश्नही येतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भाऊ पैसे पाठवत असेल तर तो परदेशी स्रोत मानला जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र परदेशी देणगीचा कायदा लागू होतो. जवळच्या नातेवाइकाकडून वर्षाला १० लाखांपर्यंतची रक्कम सरकारला न कळवता घेता येते. त्याच्या परदेशी मित्रांकडून तशी देणगी गोळा करता येत नाही.

घरात जुने भाडेकरू असतील तर?

शहरातल्या वाड्यांची ही सगळ्यात अवघड गाठ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. भाडं ५० रुपये असेल तर वाढ होते २ रुपये. आणि त्याच कायद्यात घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालक म्हणतो, पैसे कुठून आणू? भाडेकरू म्हणतो, आम्ही जाऊ कुठे? दोघांचंही खरं असतं. मग पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते.

वाद लांबला तर काय होतं, ते पुण्याच्या भिडे वाड्याने दाखवलं. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती ही जागा. इतकं मोठं महत्त्व असूनही जागेचा वाद अनेक वर्षं कोर्टात चालला. २०२३ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, तोपर्यंत वास्तू जवळपास संपली होती. त्या वर्षी डिसेंबरमध्ये उरलेला भाग पाडण्यात आला. तिथे स्मारक होईल, पण ती इमारत परत येणार नाही.

घरानेच स्वतःचा खर्च काढला तर?

हा मार्ग बघायला शेजारच्या गोव्यात जाऊ. चांदोरला मिनेझिस ब्रागांझा यांचं भलंमोठं घर आहे. राष्ट्रवादी पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्या कुटुंबाचं. गोवा मुक्त झाल्यावर तिथेही कुळकायद्यामुळे जमिनीचं उत्पन्न आटलं. कुटुंबाने घर पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली. लोक येतात, घरचीच माणसं दालनं दाखवतात आणि पाहुणे जाताना देखभालीसाठी पैसे देतात. लोटलीच्या फिगरेदो घरात वस्तुसंग्रह आहे आणि पाहुण्यांना राहताही येतं.

सोलापूरला असा पर्यटक येईल का? समुद्र नाही, पण भाविक आहेत. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर सगळं टप्प्यात, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. स्वच्छ खोली, गरम पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावरही पाहुणा खूश होतो. त्यासाठी पर्यटन खात्याची न्याहरी-निवास योजना आहे, ज्यात राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देता येतात. पण मेख "राहत्या घरातल्या" या शब्दांत आहे. तिथे कुणीतरी राहायला हवं. घराला कुलूप लावून पुण्यातून होमस्टे चालत नाही.

वापर बदलल्यामुळे टिकलेली वास्तू सोलापुरातही आहे. महापालिकेचं कार्यालय असलेली इंद्रभुवन ही देखणी इमारत आप्पासाहेब वारद यांनी बांधली होती. रोज माणसांचा वावर असलेल्या इमारतीतली गळती कुणाच्या तरी लगेच लक्षात येते.

सरळ ट्रस्टला किंवा सरकारला दिलं तर?

हाही मार्ग आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जतन करून कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभं केलं. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे आज वाचक, विद्यार्थी येतात.

लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहिलेलं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना घेतलं. पण पैसे देऊन प्रश्न संपला नाही. निवासी भागात संग्रहालय नको म्हणून तिथे आक्षेप आले आणि संग्रहालयाची परवानगी मिळायला २०२० उजाडलं. म्हणजे पैसा असला तरी वापराची परवानगी हा वेगळा विषय आहे.

ट्रस्ट करताना एक गोष्ट नीट समजून घ्या. घर सार्वजनिक ट्रस्टला दिलं की देणग्या घेणं सोपं होतं, पण घर तुमचं राहत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ते विकताही येत नाही. लोकांचे पैसे आणि घरची मालकी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची?

क्रम असा ठेवा:

१. मिळकत पत्रिका काढा आणि सगळ्या वारसांची नावं लावून घ्या. बहिणींसकट.

२. छताची तात्पुरती डागडुजी लगेच करा. हा पावसाळा निघाला तर विचार करायला एक वर्ष मिळतं.

३. घराचं पुढे काय करायचं ते ठरवा. कोण राहणार, कशासाठी वापरणार? याचं उत्तर नसेल तर मोठी वर्गणी काढू नका.

४. संयुक्त खातं उघडा, लेखी करार करा, खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाकत जा.

५. दुरुस्तीच्या रकमेसोबत दरवर्षीचा देखभाल निधीही ठरवा. आठ जणांनी महिन्याला हजार रुपये काढले, तर वर्षाला ९६ हजार होतात. एकदाच लाखो रुपये टाकून कुलूप लावण्यापेक्षा हे घराला जास्त उपयोगी आहे.

एवढं करूनही कदाचित लक्षात येईल की घर सांभाळणं झेपणार नाही. तसं असेल तर विकणं म्हणजे आजोबांशी बेइमानी नाही. विकण्याआधी घराची मोजमापं घ्या, फोटो काढा, आत्याला बसवून कुठल्या खोलीत काय घडलं ते रेकॉर्ड करा. दारं, तुळया ज्याला हव्यात त्याला द्या. सगळ्यात वाईट पर्याय आज अनेक घरांत चालू आहे तो: विकायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही, आणि दर पावसाळ्यात ग्रुपवर फोटो टाकायचा.

तो फोटो पुढच्या वेळी आला, की इमोजी टाकण्याआधी मिळकत पत्रिका मागवा.